‘गंगा आली’ ते ‘पाणी सोडलं’

नदीतली मोटार बाहेर काढायला चार माणसं लागतात. एक जण डीपीवरचा फ्यूज काढून येतो, दुसरा खांबाला बांधलेली स्टार्टरची पेटी सोडवतो, उरलेले दोघं मांडीभर गाळात उतरून पाइपांचे जोड खोलतात. मग दोर, मग ट्रॅक्टर. केबल चिखलातून ओढत आणायची, पाइप एकेक करून बांधावर टाकायचे आणि शेवटी मोटार ट्रॉलीत चढवायची. हे सगळं बहुधा अंधारात चालतं, कारण बातमी संध्याकाळी येते. काठावर उभा असलेला म्हातारा एवढंच विचारत राहतो, ‘‘किती सोडलं?’’ ‘‘सत्तर हजार म्हणतेत, आबा.’’ ‘‘अन् रातच्याला?’’ ‘‘वाढवणारेत.’’

शहागडच्या आसपास गोदाकाठी, म्हणजे गंगथडीला, पुराची पहिली हालचाल ही अशी दिसते. सरकारी पत्रकातही ते वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं आहे: नदीपात्रातील मोटारी, शेतीची अवजारं व जनावरं सुरक्षित स्थळी हलवावीत, पात्रात कुणी उतरू नये. यादीत मोटार पहिली आणि जनावरं नंतर येतात याला कुणी हसेल, पण लिहिणाऱ्याला नदीकाठ ठाऊक असणार. जनावर ओरडून उठवतं आणि दावं सोडलं की उंचवट्याकडे स्वतःच्या पायांनी चालतं. मोटार कुणीतरी उचलून न्यावी लागते.

शहागड हे अंबड तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं बाजारगाव. शहर म्हणावं एवढा त्याचा पसारा नाही, वर्दळ मात्र शहराची आहे. कारण धुळे-सोलापूर महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे जालना, पलीकडे बीड. छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला निघालेली जीप, खानदेशातून सोलापूरकडे जाणारा ट्रक, दसऱ्यानंतर उसाच्या फडांकडे निघालेल्या टोळ्या, आषाढीच्या दिंड्या, गेवराईच्या बाजाराला जाणारी बाई हे सगळे याच पुलावरून जातात. त्यामुळे इथल्या पुराचे दोन धनी आहेत: काठावर राहणारा आणि पुलावरून जाणारा. दोघांची चिंता निराळी आणि माहितीची गरजही निराळी. आढावा घ्यायचा तर दोघांचा घ्यावा लागतो.

आधी दोन क्रियापदांविषयी. नदीला इथे गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा, ती गंगा. जुनी माणसं पुराला ‘गंगा आली’ म्हणत. ती यायची, माहेरवाशिणीसारखी. बायका नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला काठावर जायच्या, पोरं पायऱ्या मोजायची. आता गावात ऐकू येतं ते ‘पाणी सोडलं’. या वाक्यातला कर्ता गायब आहे. कुणी सोडलं, केव्हा ठरवलं, किती वाजता पोहोचणार, हे वाक्यात नाही. नदी येत होती तेव्हा तिच्याशी भांडणही करता यायचं नाही. पाणी सोडलं जातं म्हटल्यावर सोडणारा शोधावासा वाटतो. माझ्या मते शहागडच्या पुराचा सगळा प्रश्न या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात आहे. इथला पूर आता पावसावर जेवढा अवलंबून आहे तेवढाच एका निर्णयावर आणि एका निरोपावर. निर्णय बऱ्याचदा योग्य असतो. निरोप अर्धवट पोहोचतो.

निर्णय पैठणला होतो. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली, लोकार्पण इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. दहा किलोमीटरहून लांब मातीचं धरण, १५२२ फूट ही त्याची पूर्ण संचय पातळी, २७ दरवाजे. त्यांतले १८ नेहमीचे आणि ९ आपत्कालीन. एकूण साठा सुमारे १०३ टीएमसी (अब्ज घनफूट), वापरायचा त्यातला ७६ च्या वर थोडा. हे आकडे मराठवाड्यात शाळकरी पोरालाही पाठ असतात. जुलै लागला की पानटपरीवर ‘किती टक्के झालं?’ हाच रामराम.

टक्के भरत असतात तोवर सगळे आनंदात असतात. शंभराच्या जवळ गेले की एकक बदलतं आणि क्युसेकची भाषा सुरू होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. तीन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला पंचाऐंशी लाख लिटर. दिवसभर त्याच गतीने पाणी गेलं तर २६ टीएमसी. म्हणजे तीन लाखांचा विसर्ग तीन दिवस चालला तर जायकवाडीचा सगळा उपयुक्त साठा शहागडच्या पुलाखालून निघून गेला असं समजा. एवढं पाणी धरणाने धरून ठेवायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब एकदा करून पाहायला सांगावं. भरलेल्या रांजणात वरून घागर ओतली की तेवढंच सांडणार.

धरणाच्या आधी हे सगळं कसं चालत असेल याचा एक चोख पुरावा शहागडच्या शेजारीच आहे. पलीकडच्या काठाला, गेवराई तालुक्यात, राक्षसभुवन. शनीच्या देवळासाठी लोक तिथे जातात. इतिहासाच्या पुस्तकात ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईसाठी आहे. पुण्याची लूट करून परतलेला निजामअली औरंगाबादेकडे निघाला होता. त्याने फौजेचा एक भाग घेऊन गोदावरी ओलांडली, दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. नदी पुरात. अठरा वर्षांचा माधवराव पेशवा आणि त्याचा चुलता राघोबादादा यांनी नेमकी ती वेळ गाठली. विठ्ठल सुंदर पडला, मागची फौज मोडली, आणि निजाम उत्तर तीरावरून बघत राहिला; मदत पाठवायला मधे वाट नव्हती. इतिहासकार इथे माधवरावाच्या मनसुब्याचं कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. मला त्यात प्रवाशाची गोष्टही दिसते. अर्धा काफिला पार, अर्धा अलीकडे, आणि पाणी वाढलेलं. या नदीवर ही अवस्था फक्त फौजांची झालेली नाही.

एरवी त्या काळी पावसाळ्यात फौजा हलत नसत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं यामागे नद्या उतरल्याचा साधा हिशेब होता. वाटसरूही तेच करायचा: नावाडी ‘नाही’ म्हणाला की काठावरच्या धर्मशाळेत किंवा देवळात मुक्काम. थांबणं हा प्रवासाचाच भाग होता, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पूल झाल्यावर थांबण्याची सवय गेली. ही पुलाची चूक नव्हे. पण पुराच्या काळात जे जीव जातात त्यांचा माग काढला तर पुष्कळदा ‘थोडंच तर पाणी आहे’ हे वाक्य सापडतं.

धरणाने नदीचं वेळापत्रकच बदललं. पूर्वी आषाढ-श्रावणात दोन-चार पूर ठरलेले. पिकं गुडघ्याएवढी, नुकसान बेताचं, वर गाळाचा थर मिळायचा. आता नाशिक-अहिल्यानगरकडची धरणं आधी भरतात, मग नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पाणी खाली येतं, मग जायकवाडी भरतं. सुरुवातीचे सगळे पूर हा रांजण पिऊन टाकतो. शहागडला पाणी येतं ते रांजण भरल्यावर, म्हणजे बहुतेकदा भाद्रपद-आश्विनात. तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं, कपाशीची बोंडं फुटत आलेली, मोसंबी झाडावर आणि ऊस पुरुषभर. पुरांची संख्या कमी झाली. पण उरलेला पूर काढणीच्या तोंडावर येऊन उभा राहतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पाटाचं पाणी ज्या धरणाने दिलं त्याच धरणाने पूरही पुढे ढकलला. अंबड-घनसावंगीचा ऊस डाव्या कालव्यामुळे उभा आहे, हे पुराच्या रागात विसरून चालणार नाही.

दुसरा बदल विस्मरणाचा. २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, पैठणमध्ये घरांत शिरलं, खाली नांदेडपर्यंत हाहाकार झाला. त्यानंतर दुष्काळ आले. २०१२-१३ चा, २०१५-१६ चा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते २०१६ चं वर्ष, जायकवाडी त्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेलेलं. शहागडच्या पुलाखाली वाळू आणि मधे डबकी. अशी दहा-बारा वर्षं गेली की माणूस नदीची जागा स्वतःची मानायला लागतो. पात्रात कलिंगडाच्या वाड्या, काठ खाली-खाली नांगरत नेलेला, उतारावर पत्र्याचं शेड, शेडशेजारी कडब्याची गंज. वाळूचं तर विचारूच नका. गोदापात्रातली वाळू रात्रीच्या हायवांनी कुठे-कुठे जाते हे गंगथडीत कुणाला सांगावं लागत नाही. तिच्यामुळे पात्रात खड्डे होतात, काठाचा पाय सुटतो, आणि पूर आला की ज्याने वाळूचा एक खडाही विकला नाही त्याचं शेत धसतं.

कागदावर यासाठी दोन रेषा आहेत. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटी पाळून. नकाशावर या रेषा सुरेख दिसतात. जमिनीवर त्या कुठून जातात हे दाखवणारा खुंटा असता, तर शेड बांधणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते कळलं असतं.

मग २०२५ आलं. सप्टेंबर लागण्याआधीच धरण भरत आलेलं होतं, आणि नवरात्रात वरच्या खोऱ्यासोबत मराठवाड्यावरही आभाळ फाटलं. २८ सप्टेंबरला जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला; २००६ चा आकडा मागे पडला. पैठणचा सखल भाग रिकामा करावा लागला, खाली अंबड, घनसावंगी, परतूर, गेवराई, माजलगाव या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांतून माणसं आणि जनावरं हलवावी लागली. पांचाळेश्वरचं महानुभावांचं आत्मतीर्थ तर पात्रातच उभं आहे. मोठा विसर्ग झाला की ते पाण्यात जाणार हे गंगथडीला माहीत असतं, राक्षसभुवनच्या शनीचंही तसंच. काही जण या देवळांकडे बघूनच आपल्या घरचा अंदाज बांधतात.

त्या आठवड्यात फार कमी बोलली गेलेली एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, ती म्हणजे फुगवटा. गोदावरी तुडुंब चालते तेव्हा तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचं पाणी आत जायला जागा राहत नाही. ते मागे सरकतं, तुंबतं, उलटं शेतात शिरतं. त्यातच त्या ओढ्याच्या स्वतःच्या शिवारात पाऊस चालू असेल तर नदीपासून दोन-तीन किलोमीटर आतलं गाव पाण्यात जातं, जिथे ‘नदीकाठच्या गावांना इशारा’ ऐकून लोक निवांत बसलेले असतात. गंगथडीच्या गावांना जोडणारे रस्ते याच ओढ्यांवरून जातात, आणि ओढ्यांवर आहेत फरशी पूल किंवा नळकांडी पूल. महामार्गाचा मोठा पूल उंच आणि भक्कम उभा असतो. पण त्या पुलापर्यंत पोहोचवणारी वाट आधीच गेलेली असते. गावाचा संपर्क तुटला अशी बातमी येते तेव्हा दहांतल्या नऊ वेळा तो गोदावरीने तोडलेला नसतो, कुठल्याशा बिननावाच्या ओढ्याने तोडलेला असतो. बाळंतीण बाजेवर, दूध कॅनमध्ये, आणि दोन्ही फरशीच्या अलीकडे थांबलेले. मोठ्या पुलांचं लेखापरीक्षण होतं, मथळेही होतात. नळकांड्यांत अडकलेला पालापाचोळा पावसाआधी काढणं ही पुराच्या तयारीतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि सर्वांत दुर्लक्षित.

महामार्गावरून जाणाऱ्याचं दुखणं निराळं. त्याला गावाची ओळख नाही, नदीची नाही, आणि तो घाईत आहे. महाराष्ट्राने गेल्या दशकात त्याला तीन धडे दिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला, दोन एसट्या आणि काही वाहनं अंधारात थेट पात्रात गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. एवढ्या वेगाने काम होऊ शकतं हे कळायला माणसं जावी लागली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि ट्रकांच्या रांगा आठवडाभर जागच्या हलल्या नाहीत. आणि २०२५ च्या सप्टेंबरात, गोदावरीचा पूर यायच्या चार-पाच दिवस आधी, सीना लांबोटीजवळ एवढी चढली की सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. सीना! उन्हाळ्यात जिच्यात म्हशीलाही लोळायला पाणी नसतं ती.

या तिन्ही ठिकाणी प्रवाशाला एकच गोष्ट वेळेवर हवी होती: पुढचा रस्ता चालू आहे की नाही, आणि नसेल तर कुठून वळायचं. शहागडचा पूल बंद ठेवायची वेळ आली असं धरा. वरच्या बाजूचा पर्याय पैठणचा, पण जायकवाडीतून मोठं पाणी सुटलेलं असताना पैठणकडे वळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खालच्या बाजूला पाथरी-माजलगाव रस्त्यावर ढालेगावचा पूल, तो शंभर किलोमीटरच्या पुढचा फेरा. हा निर्णय पुलाच्या तोंडावर बॅरिकेड पाहून घेता येत नाही; तो बीडला किंवा संभाजीनगरला घ्यावा लागतो. एसटीचा अनुभवी वाहक हे काम मुकाट करतो. डेपोत फोन लावतो, समोरून आलेल्या गाडीला हात करतो, ‘‘कसंय पुढं?’’ विचारतो. मोबाइलमधला नकाशा निळी रेघ दाखवत राहतो. समोरून आलेल्या गाडीचा चिखल जास्त खरं सांगतो.

नवरात्रात या रस्त्यावर आणखी एक प्रवासी असतो. तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येणारी पोरं. एक मशाल, मागे टेम्पो, अनवाणी पाय, रात्रभर पळणं. ज्योत विझू द्यायची नाही आणि खाली ठेवायची नाही, एवढाच नेम. पाणी वाढलेलं असताना पुलावर कठड्याला खेटून फोटो काढणाऱ्यांची गर्दी आणि त्या गर्दीतून वाट काढत पळणारी ज्योत, हे दृश्य ज्याने पाहिलं त्याला पोलिसाची शिट्टी का वाजत राहते ते कळेल. पूर बघायला जाणं हा आपल्याकडे सणच आहे, आणि पुलावरचा खरा धोका निम्म्या वेळा पाण्याचा नसून उभ्या केलेल्या मोटारसायकलींचा असतो.

आता त्या अर्धवट निरोपाकडे येतो. धरणातून सोडलेलं पाणी शहागडला यायला काही तास लागतात. म्हणजे अचानक काही होत नाही. ढगफुटीत वाहून गेलेल्या डोंगरातल्या गावाला जे कधीच मिळत नाही ते शहागडला मिळतं, वेळ. निरोपही निघतो. पाटबंधारे खात्याकडून जिल्ह्याला, तिथून तहसीलला, तलाठ्याला, कोतवालाला, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आणि पन्नास व्हॉट्सॲप गटांवर. निघतो तो मात्र क्युसेकमध्ये. ‘विसर्ग वाढवून १,८८,००० क्युसेक करण्यात येत आहे’ असा मजकूर वाचून नदीकाठच्या माणसाने काय समजावं? त्याला क्युसेक दिसत नाहीत. त्याला दिसते घाटाची पायरी, महादेवाचा ओटा, लिंबाचं झाड, अमक्याच्या विहिरीचं कठडं.

नाशिककरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तिथे दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. एवढं म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवायचा की दुकान बंद करून निघायचं ते ठरवतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याची फूटपट्टी आहे: ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ मध्ये ती ५५ च्या वर गेली, आणि तो आकडा आज तिथल्या पोरांनाही ठाऊक आहे. सांगलीला १९२९ सालापासूनचा आयर्विन पूल हेच काम करतो. नांदेडला जुन्या पुलाच्या ३५१ आणि ३५४ मीटरच्या खुणा. या सगळ्यांत एक साम्य आहे. पाणी किती सुटलं हे न सांगता ते कुठवर आलं हे सांगितलं जातं, आणि सांगायची खूण गावाच्या डोळ्यांसमोर असते. जर्मनीत पासाऊ नावाचं तीन नद्यांचं गाव आहे. तिथे नगरपालिकेच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा वर्षांसकट कोरलेल्या आहेत. २०१३ ची रेघ १५०१ च्या शेजारी जाऊन बसली. भिंतीवर रेघ असली की पाचशे वर्षं विसरायची सोय राहत नाही.

शहागडला आणि खालच्या प्रत्येक गावाला असं कोष्टक करून देणं ही अवघड गोष्ट नाही. २००६ आणि २०२५ चं पाणी कुठवर आलं हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. पन्नास हजारांना पाणी कुठे, एक लाखाला कुठे, दोन लाखांना कुणाच्या उंबऱ्याशी, तीन लाखांना कुठली वस्ती उठवायची. चार ओळी, शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने. एवढं झालं तर तलाठ्याला फोनवर घसा कोरडा करावा लागणार नाही आणि आबांना ‘किती सोडलं?’च्या पुढचा प्रश्न विचारता येईल. पूररेषेच्या सर्वेक्षणाला जो खर्च येतो त्याच्यापुढे रंगाच्या डब्याची किंमत ती काय!

वेळ मिळूनही माणसं का हलत नाहीत याची कारणं गावात गेलं की कळतात. जनावरं कुठे न्यायची? शाळेच्या वर्गात माणसांची सोय होते, म्हशींची होत नाही. घर सोडलं तर भांडीकुंडी कोण सांभाळणार? आणि गेल्या खेपेला ‘दोन लाख येणार’ म्हणून हलवलं नि आलं दीड लाख, मग या खेपेला कशाला? इशारा खोटा ठरला असं लोक म्हणतात. प्रशासनाला वाटतं आपण बरं केलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. उलट टोकाचं उदाहरण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळचं. ऑगस्ट २०१९ मध्ये शेवटच्या घडीला बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. हलायचं तर पाय टेकताहेत तोवर, ही त्या दिवसाची किंमत देऊन मिळालेली अक्कल आहे.

होडीवरून आठवलं. जायकवाडीच्या वरच्या अंगाला गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा. फुगवट्याच्या पाण्यातून शाळेला जाणारी तिथली पोरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून वल्हवत असल्याची बातमी २०२३ मध्ये आली, उच्च न्यायालयाने तिची दखल घेतली. धरणाच्या खाली पूर वर्षातून चार दिवस, वर तो बारमाही. नदीकाठच्या माणसाला पोहणं येतं असं शहरात समजतात. होडी चालवणारा प्रत्येक गावात एखाद-दुसराच उरलाय, आणि तोही साठीचा.

पाणी उतरल्यावर दुसरा पूर येतो, कागदांचा. पंचनामा, सातबारा, आधार, खातं, केवायसी. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाखांपर्यंत रोजगार हमीतून, गाळाने भरलेल्या विहिरीला तीस हजार, जनावरांच्या मदतीवरची तीनची मर्यादा काढलेली. जमीन खरडून जाणं या गोष्टीला पहिल्यांदा एवढं वजन मिळालं हे चांगलंच झालं. कारण पीक गेलं तर हंगाम जातो, माती गेली तर पिढी. काळ्या मातीचा हातभर थर जाऊन खाली मुरूम उघडा पडलेलं शेत पाहिलं की तीन लाखही कमी वाटतात. माती आणायची कुठून? गाळ तलावांत आहे, पण वाहायला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला डिझेल. आणि ज्याची जमीन नदीने अलीकडून कापून पलीकडच्या काठाला टाकली, त्याच्या सातबाऱ्यावर ती अजून अलीकडेच आहे.

या सगळ्यावर धरण रिकामं ठेवा असा सोपा उपाय सुचवणारे भेटतात. त्यांनी १५ ऑक्टोबरला मराठवाड्यात यावं. त्या तारखेला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आहे, आणि त्यावरून दर तुटीच्या वर्षी नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टात समोरासमोर असतात. ज्या प्रदेशाने एकेका टीएमसीसाठी मोर्चे काढले, त्याला ऑगस्टात धरण दहा टक्के मोकळं ठेवा म्हणून सांगणं सोपं नाही. अभियंत्याजवळ कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा याची सूची असते. पण पाऊस आला नाही तर शिव्या तोच खातो, आला तरी तोच. हैदराबादने यातून एक वाट काढली होती. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने ते शहर धुऊन नेलं. अफजलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचल्याचं सांगतात. शहागडही तेव्हा हैदराबादच्या निजामाच्याच राज्यात. विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर बांधले गेले ते पूर थोपवायला. पिण्याचं पाणी हा त्यांचा दुसरा उपयोग. जायकवाडीचा जन्म उलट क्रमाने झाला. ते सिंचनासाठी बांधलं, पूर त्याच्या गळ्यात नंतर पडला. ज्या कामासाठी भांडं घडवलेलं नाही ते काम त्याच्याकडून करून घ्यायचं, तर निदान पावसाचा अंदाज चार दिवस आधी हाती असायला हवा आणि त्या अंदाजावर विश्वास टाकून पाणी थोडं-थोडं आधीच सोडण्याची हिंमतही. तीन लाख एकदम येण्याऐवजी सव्वा लाख चार दिवस आलं, तर शहागडच्या पुलाला फरक पडत नाही. खालच्या वस्तीला पडतो.

कार्तिकात पाणी निवळतं. बांधावर महिनाभर पडलेले पाइप पुन्हा खाली नेले जातात, ट्रॉलीतून मोटार येते, केबल उलगडते. काठ पाच-सात हात मागे गेलेला असतो आणि धार पलीकडे सरकलेली. जुने पाइप जोडून पाहिले तर तोंड वाळूतच राहतं. चौघं थोडा वेळ उभे राहून पाण्याकडे बघतात. मग त्यातला एक जण मोटारसायकलला किक मारतो.

‘‘कुठं निघाला?’’

‘‘शहागडला. अजून दोन पाइप लागतेत.’’